चार नंबरच्या कपाटातला अ‍ॅप्रन

लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शशीताई मोहरील यांनी बत्तीस वर्षं लोकांचं रक्त, थुंकी आणि लघवी तपासली. नागपूरहून लग्न होऊन आल्या तेव्हा आपल्याला राणीच्या देशात काहीतरी ऐटदार काम मिळेल असं त्यांना वाटलं होतं. मिळाल्या त्या बाटल्या. पण बाईंचा जीव त्या बाटल्यांत रमला. कुणाच्या बाटलीवर कुणाचं लेबल लागतं यावर माणसाचं आयुष्य टांगलेलं असतं, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं, आणि त्यानंतर लेबल या वस्तूबद्दल त्यांना देवाइतका आदर वाटू लागला. मसाल्याच्या डब्यांवर लेबलं, फ्रीजरमधल्या चटणीवर तारखेसकट लेबल, आणि एकदा तर घोरणाऱ्या नवऱ्याच्या कपाळावर, ‘हलवू नये’.

नवरा म्हणजे उल्हासराव, रिटायर्ड जीपी. सज्जन माणूस. आयुष्यात त्यांना एकाच गोष्टीची भीती वाटली, ती म्हणजे खाकी पाकिटातून येणाऱ्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, पत्राची. रिसायकलिंगच्या डब्यात चुकून चहाची पिशवी पडली तरी ते रात्री उठून काढून येत. शशीताईंचं तसं नव्हतं. त्यांच्या हाताला कंप नव्हता, नजर शाबूत होती आणि अंगात किडे होते.

रिटायर झाल्यावर त्या बसने पंचवीस मिनिटांवर असलेल्या एका गावच्या म्युझियममध्ये दर बुधवारी व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागल्या. म्युझियम कसलं, लोकरीच्या एका व्यापाऱ्याचं जुनं घर. खाली माग आणि चरखे, वर गावकऱ्यांनी देशोदेशींहून आणून दान केलेल्या वस्तू. काचेची कपाटं पुसायची, आल्यागेल्याला टॉयलेट कुठे आहे ते सांगायचं, अकरा वाजता बिस्किटं खायची, असं काम. क्युरेटर सारा नावाची चाळिशीतली मुलगी होती. ती एकटीच पगारी. बाकी सगळे फुकटे.

वरच्या मजल्यावर चार नंबरच्या कपाटात एक कापड टांगलेलं होतं. गडद निळं, त्यावर फिकट निळ्या बारीक रेषांचं जाळं, मध्ये वळत वळत आत जाणाऱ्या नक्षीचे चौकोन, कडेने लाल पट्ट्या आणि त्यांवर तिळाएवढ्या फुल्यांची भरतकामाची रांग. खाली एक लहान चौकोनी तुकडा जोडलेला. दोन्ही बाजूंना लांब बंद, तेही व्यवस्थित गुंडाळून टाचलेले. काचेबाहेरच्या फळीवर कार्ड होतं: ‘अ‍ॅप्रन. पूर्वेकडील देश. विसावे शतक.’

शशीताईंनी पहिल्या बुधवारी ते कार्ड वाचलं आणि त्या तडक खाली ऑफिसात गेल्या.

“पूर्वेकडील देश म्हणजे कुठला गं?” त्यांनी साराला विचारलं. “इथून पूर्वेला तर आपलं हल शहरसुद्धा आहे.”

“नोंदवहीत तेवढंच लिहिलंय,” सारा म्हणाली. “एकोणीसशे बासष्ट साली एका चहाच्या व्यापाऱ्याच्या घरच्यांनी दिलं. अ‍ॅप्रन, पूर्वेकडील देश.”

“आणि हा अ‍ॅप्रन आहे हे कुणी ठरवलं?”

“चहाच्या व्यापाऱ्याच्या घरच्यांनीच असेल.”

“त्यांच्यातलं कुणी कधी स्वयंपाकघरात गेलं होतं का?”

सारा हसली, पण हसून काम होत नव्हतं. कार्ड बदलायचं तर पुरावा हवा, मग फॉर्म, मग विश्वस्तांची मीटिंग, आणि ती वर्षातून तीनदा. अध्यक्ष मिस्टर आर्मिटेज पूर्वी बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या पेढीत, मॅनेजर होते आणि कागदावर नसलेली गोष्ट जगात नसते अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या महिन्यात कपाटाची वार्षिक साफसफाई निघाली. साराने हातमोजे घालून कापड बाहेर काढलं, टेबलावर पसरलं, आणि शशीताईंनी टेप लावून बंद मोजले. एकेक बंद सव्वादोन मीटर. कापड दुहेरी-तिहेरी, गोधडीसारखं जाड. बंद मधोमध झिजून गुळगुळीत झालेले, जणू वर्षानुवर्षं कुणीतरी त्यांच्यावर वजन तोललं असावं. आणि खालच्या लहान तुकड्यावर एक पिवळट डाग. शशीताईंनी त्या डागाकडे असं पाहिलं, जसं जुना मास्तर मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहतो. हा अ‍ॅप्रन नाही. ही मूल बांधायची झोळी आहे. कुठल्या देशाची ते देव जाणे, पण दोन पोरं वाढवलेल्या बाईला हे सांगायला नोंदवही लागत नाही.

पुढच्या बुधवारी सारा डेंटिस्टकडे गेली होती. शशीताईंनी ऑफिसातल्या कम्प्युटरवर बसून, म्युझियमच्याच जाड क्रीम रंगाच्या कागदावर, म्युझियमच्याच अक्षरांत एक कार्ड छापलं आणि जुन्या कार्डाशेजारी उभं केलं:

‘या अ‍ॅप्रनचे बंद प्रत्येकी सव्वादोन मीटर लांब आहेत. ही स्वयंपाकीण कोण असावी व तिची कंबर किती असावी?’

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी उल्हासरावांना ते सांगितलं. उल्हासरावांनी हातातला पेपर खाली ठेवला.

“शशी, हे बेकायदेशीर आहे का?”

“अहो, कार्ड आहे. कागदाचं.”

“त्यांचा कागद वापरलास.”

“एक कागद. त्याबदल्यात मी त्यांची चार बुधवार टॉयलेटं दाखवलीत.”

उल्हासरावांना त्या रात्री झोप लागली नाही. शशीताई मात्र गाढ झोपल्या.

गंमत अशी की ते कार्ड कुणीच काढलं नाही. साराने पाहिलं आणि तिला वाटलं की मिस्टर आर्मिटेजनी परस्पर लावलंय. एरवी रुक्ष असलेल्या माणसाला जरा विनोद सुचला, तर कशाला मोडता घाला. मिस्टर आर्मिटेजनी पाहिलं आणि त्यांना वाटलं की हे साराचं काहीतरी आधुनिक आहे. आपल्याला ते कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. आणि गावातल्या ज्या चार पेन्शनर बायका बुधवारी फक्त हीटिंगसाठी यायच्या, त्या कपाटासमोर उभ्या राहून कमरेचा हिशोब करू लागल्या.

मग शशीताईंना चेव आला. तीन आठवड्यांनी दुसरं कार्ड लागलं: ‘खालच्या टोकाचा डाग पाहा. हा ग्रेव्हीचा डाग नाही. बत्तीस वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांच्या मते ही लघवी आहे.’ त्या आठवड्यात प्राथमिक शाळेची सहल आली होती. तीस पोरं काचेला नाक लावून उभी राहिली. शिक्षिकेला त्यांना मागांकडे न्यायला वीस मिनिटं लागली.

तिसऱ्या कार्डावर उत्तर द्यायचं ठरलं होतं. ‘उत्तर: बाळ’ एवढं लिहून थांबायला हवं होतं. पण चोराला एकदा गल्ली सापडली की तो हमरस्त्याने जात नाही. निळ्या कापडावरच्या त्या वळणावळणाच्या नक्षीबद्दल काहीतरी लिहावं असं त्यांना वाटलं, आणि माहिती तर काहीच नव्हती. मग त्यांनी ठोकून दिलं: ‘ही वळणे म्हणजे हत्तीची सोंड. मूल हत्तीसारखे बळकट व्हावे म्हणून आई ही नक्षी काढत असे.’

लोकांना हत्ती फार आवडला. कुणीतरी फोटो काढून गावच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. मिस्टर आर्मिटेजनी कौन्सिलला पाठवायच्या अहवालात साराच्या नावाने ‘चार नंबरच्या कपाटाचा अभिनव प्रयोग’ असं लिहून वरच्या मजल्यावरची गर्दी दुप्पट झाल्याचं नमूद केलं. साराने तो अहवाल वाचला आणि प्रथमच तिला शंका आली, की प्रयोग आपला नाही आणि आर्मिटेजांचाही नाही, तर मग तो आहे कुणाचा. तिने शशीताईंकडे पाहिलं. शशीताई आठ नंबरचं कपाट पुसत होत्या. ते आधीच स्वच्छ होतं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण उल्हासरावांचा गुडघा आडवा आला.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना फिजिओथेरपीला जावं लागे. फिजिओ होती माय वांग, तिशी ओलांडलेली, बुटकी, काटक मुलगी; बोटं सुकुमार दिसायची पण गुडघा वाकवायला लागली की उल्हासरावांना पूर्वज आठवायचे. पहिल्याच दिवशी नाव ऐकून ते म्हणाले होते, “आमच्या भाषेत माय म्हणजे आई.” ती म्हणाली होती, “मीही होणार आहे पाच महिन्यांनी. वाकवा.”

उल्हासरावांच्या पोटात गुपित राहत नसे. वेदना विसरायला माणूस काहीतरी बोलतोच. त्यांनी बायकोच्या कार्डांची हकिकत सांगितली आणि फोनवरचा फोटो दाखवला. मायने फोन हातात घेतला. बराच वेळ ती त्याकडे बघत राहिली आणि उल्हासरावांचा पाय हवेत तसाच राहिला.

“हे कुठे आहे?” तिने विचारलं.

पुढच्या बुधवारी ती आली. शशीताई नेहमीप्रमाणे कपाटाच्या आसपास घुटमळत होत्या. एक परकी मुलगी आली, काचेसमोर उभी राहिली, तिने चारही कार्डं ओळीने वाचली, मग परत वाचली. आणि मग ती खांदे हलवून, आवाज न करता हसू लागली, इतकी की तिला बाकावर बसावं लागलं.

“तुम्ही मिसेस मोहरील ना?” ती म्हणाली. “तुमच्या मिस्टरांच्या गुडघ्याची मी फिजिओ. ही आमची आहे.”

“काय तुमची आहे?”

“ही झोळी. आम्ही मोंग. माझी आई लाओसच्या डोंगरातली. हे मेण लावून निळीत बुडवलेलं कापड आणि हे फुल्यांचं भरतकाम, हे आमच्या बायका करतात. बाळाचीच झोळी आहे, ते तुमचं बरोबर.”

शशीताईंची छाती फुगली.

“पण ती उलटी टांगली आहे.”

“उलटी?”

“हा लहान तुकडा वर येतो. बाळाच्या मानेपाशी. बाळ आईच्या पाठीवर असतं, त्याचं तोंड इथे येतं.” तिने काचेवर बोट ठेवलं, नेमकं पिवळट डागावर.

शशीताईंची नजर दुसऱ्या कार्डावर गेली. बत्तीस वर्षं लघवीच्या बाटल्यांत काढलेल्या बाईने बाळाच्या लाळेला लघवी म्हटलं होतं, आणि तेही तज्ज्ञ म्हणून, छापील अक्षरांत.

“आणि तो हत्ती,” माय म्हणाली.

“हत्तीचं काय?”

“ती गोगलगाय आहे. गोगलगायीचा शंख. माझी आई सांगते, मधला ठिपका म्हणजे आपले पूर्वज, आणि मग एकेक पिढी बाहेर बाहेर वळत जाते.” ती परत हसली. “हत्ती मात्र मला आवडला. आईला सांगितलं तर ती तुम्हाला उलटी टांगेल.”

शशीताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुणी पकडलं याची त्यांना लाज नव्हती. पकडलं जाणं हा खोड्यांचा अर्धा आनंद असतो असं त्या मानत. पण लॅबमध्ये त्यांनी कधी न पाहिलेला रिझल्ट लिहिला नव्हता. रात्रीच्या पाळीत झोपेने डोळे मिटत असतानाही नाही. आणि इथे कुणाच्यातरी पूर्वजांना त्यांनी सोंड लावली होती. त्यांनी हात पुढे करून तिसरं कार्ड उचललं, त्याचे चार तुकडे केले आणि कार्डिगनच्या खिशात टाकले.

“चल माझ्याबरोबर,” त्या मायला म्हणाल्या, आणि दोघी खाली साराच्या ऑफिसात गेल्या.

साराने सगळं ऐकून घेतलं. “मला कितीतरी आठवडे वाटत होतं, हे मिस्टर आर्मिटेजचं काम,” ती म्हणाली. “त्यांच्याबद्दल माझं मत किती चांगलं झालं होतं.”

विश्वस्तांची मीटिंग पुढच्याच मंगळवारी दुपारी होती. मिस्टर आर्मिटेजनी शशीताईंचा कबुलीजबाब गंभीरपणे ऐकला. अभिनव प्रयोग कौन्सिलच्या अहवालात आधीच गेलेला असल्यामुळे त्यांची अवस्था अवघड झाली होती. रागवावं तर आपलीच स्तुती मागे घ्यावी लागणार. त्यामुळे ते मूळ मुद्द्यावर आले.

“नोंदवहीत अ‍ॅप्रन लिहिलंय,” ते म्हणाले. “या तरुण बाई सांगतात ते खरं असेलही. पण आपल्याकडे कागद नाही.”

“कागद नाही, कापड आहे,” माय म्हणाली आणि तिने पिशवीतून एक झोळी काढून टेबलावर पसरली. तिच्या आईने थायलंडच्या निर्वासित छावणीत बसून शिवलेली. लाओसमधून सीमेवरची नदी ओलांडून आल्यावर जवळ होतं तेवढं कापड आणि छावणीत मागून मिळवलेला दोरा. याच झोळीत मायचा भाऊ वाढला, पुढे सगळे फ्रान्समध्ये नीमला जाऊन राहिल्यावर मायही वाढली. निळी जमीन, तीच लाल पट्ट्यांची चौकट, तेच शंख, तेवढेच लांब बंद. कपाटातल्या झोळीची धाकटी बहीण शोभावी अशी.

विश्वस्त वाकून बघू लागले. मिस्टर आर्मिटेजही वाकले, पण मग ताठ झाले. “साम्य आहे हे मान्य. तरी ही वस्तू अशी वापरली जात होती याचा पुरावा...”

शशीताईंनी टेबलाखालून आपली पिशवी वर घेतली. तीत पाच किलो बासमतीची गोणी होती. येताना रस्त्यातल्या पंजाब्याच्या दुकानातून घेतली होती.

“मिस्टर आर्मिटेज, तुम्हाला नातवंडं आहेत ना?” त्यांनी विचारलं. “जरा उभे राहा.”

माणूस पन्नास वर्षं सभाशास्त्राने वागला की कुणी ‘उभे राहा’ म्हटलं तर उभा राहतो. मायने ठेवणीतल्या व्यावसायिक आवाजात “पुढे वाका, पाठ सरळ” असं सांगितलं आणि तेही त्यांनी केलं. तिने गोणी त्यांच्या पाठीवर ठेवली, वरून झोळी घातली, बंद खांद्यांवरून पुढे आणले, छातीवर फुली केली, मागे नेऊन गोणीच्या बुडाखालून ओढले आणि पुढे गाठ मारली. सव्वादोन मीटरांतलं बोटभरही वाया गेलं नाही.

“आता चाला,” माय म्हणाली.

मिस्टर आर्मिटेज टेबलाभोवती चालले. मग आणखी एकदा चालले. दोन्ही हात मोकळे आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी किटलीतून स्वतःला चहा ओतून घेतला.

“वजनच कळत नाही,” ते म्हणाले, आणि हात मागे नेऊन त्यांनी गोणी हलकेच थोपटली. मग ते हळूच म्हणाले, “डोकं जरा कलतंय का त्याचं?”

“नाही, ठीक आहे,” साराने गोणीकडे बघून सांगितलं.

मीटिंगचे उरलेले विषय, म्हणजे छताची गळती आणि कॅफेच्या स्कोनचा दर्जा, त्यांनी उभ्यानेच पार पाडले. मध्येच बॉयलरवाला आला तेव्हा दार उघडायलाही तेच गेले. बॉयलरवाल्याने गोणीकडे पाहिलं, आर्मिटेजांकडे पाहिलं आणि बॉयलर कुठे आहे एवढंच विचारलं.

झोळी त्याच संध्याकाळी सुलटी टांगली गेली. कार्ड बदलायला मात्र अकरा आठवडे लागले. आणि शशीताईंना पत्र आलं, खाकी पाकिटात. उल्हासरावांनी ते पायपुसण्यावर पाहिलं आणि काठी टेकून तिथेच उभे राहिले. विनापरवाना कार्डं लावल्याबद्दल मिसेस मोहरील यांना तीन महिने व्हॉलंटियरच्या कामावरून दूर ठेवण्यात येत आहे, असं त्यात होतं. खाली पेनने लिहिलं होतं, ‘तांदूळ परत न्यायला विसरलात. आम्ही खाल्ला.’

“तुझ्या नावावर डाग लागला,” उल्हासराव म्हणाले.

“लाळेचा आहे,” शशीताई म्हणाल्या. “धुतला की जातो.”

तीन महिने बुधवार मोकळे झाले. मोकळ्या बुधवारचं काय करायचं हा प्रश्न मायनेच सोडवला. मोंग रिवाजाप्रमाणे बाळाची झोळी आईची आई करते. मायच्या आईला लाल पट्ट्या लावता येत होत्या, फुल्या भरता येत होत्या, पण मेणाचं काम जमेनासं झालं होतं. नीमच्या भाजीच्या मळ्यात वाकून वाकून तिच्या मनगटाला कंप आला होता. आणि मायने ते कधी शिकूनच घेतलं नव्हतं. “आई शिकवायची तेव्हा मी हाडांची नावं पाठ करत होते,” ती म्हणाली.

“माझा हात बघ,” शशीताई म्हणाल्या आणि त्यांनी हात समोर धरला. तो हलला नाही.

फ्रान्सहून पार्सल आलं: तागासारखं जाड, अंबाडीच्या जातीचं कापड आणि एक लेखणी. बांबूची काडी आणि तिच्या टोकाला तांब्याचे दोन-तीन पातळ पत्रे, मध्ये मेण धरून ठेवणारे. मधाच्या पोळ्याचं मेण शशीताईंनी स्टीलच्या वाटीत घालून मेणबत्तीवर ठेवलं. पेन्सिलीने काही आखायचं नाही. कापडाला नखाने घडी पाडायची आणि त्या घडीच्या भरवशावर रेषा ओढायची. मेण जास्त तापलं तर पसरतं, निवलं तर लेखणीतच बसतं. मेण जिथे लागेल तिथे निळा रंग चढत नाही, त्यामुळे जे काढायचं ते पांढरं राहणार, हे डोक्यात उलटं धरून काम करायचं.

समोर टॅब्लेटवर मायची आई बसलेली असे, डोक्याला रुमाल, मागे टोमॅटोचे क्रेट. ती मोंग भाषेत बोले, माय शेजारी बसून सांगे.

“ती म्हणते, छान चाललंय.”

“नाही म्हणत,” शशीताई म्हणाल्या. “मला नागपूरची सासू होती. बोलणी कळायला भाषा लागत नाही. खरं सांग.”

मायने टॅब्लेटचा आवाज कमी केला. “ती म्हणते, आमच्या कोंबड्या याहून सरळ उकरतात.”

शशीताईंनी कापड बाजूला ठेवून नवा तुकडा घेतला. असे नऊ तुकडे झाले. मनातल्या मनात त्या मायच्या आईला विहीणबाई म्हणू लागल्या, कारण इतका अपमान करायचा हक्क दुसऱ्या कुणाला असू शकत नव्हता. दहाव्या तुकड्यावर विहीणबाई चष्मा लावून स्क्रीनजवळ आल्या. मायने सांगितलं, हा ठेवायचा.

मग गॅरेजमध्ये निळीचं पिंप आलं. कापड बुडवायचं, बाहेर काढून वाऱ्यावर धरायचं, हिरवट दिसतं ते डोळ्यांदेखत निळं होतं, परत बुडवायचं. असं दिवसाला सात-आठ वेळा. वास असा की शेजाऱ्याने ड्रेन तपासायला माणूस बोलावला, आणि उल्हासराव दोन दिवस पडद्याआडून बघत राहिले. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटलं आणि निळ्या जमिनीवर फिकट शंखांची रांग वर आली. त्याच पाण्यात चुकून उल्हासरावांचा एक पांढरा शर्टही निघाला. त्याला आकाशी बाही लाभली. शशीताईंची नखं तर निळी ती निळीच. लीड्सच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत अलका नावाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरून काळजीने विचारलं, “शशीताई, ऑक्सिजन लेव्हल बघितली का?” शशीताईंनी अत्यंत दुःखी चेहरा करून मान हलवली, आणि त्या बाईंनी खरोखरच पर्समधून बोटाला लावायचं यंत्र काढलं.

कापड नीमला गेलं. तिथे विहीणबाईंनी लाल पट्ट्या लावल्या, फुल्या भरल्या, आणि अर्धवट झालेली झोळी घेऊन नोव्हेंबरच्या शेवटी स्वतःच लीड्सला आल्या. बाळ आठ दिवस आधी आलं होतं, मुलगी. शशीताई मेथीचे लाडू घेऊन मायच्या घरी गेल्या. विहीणबाई स्क्रीनवर दिसायच्या त्याहून खूप लहान निघाल्या, शशीताईंच्या खांद्याला लागतील एवढ्या. त्यांनी एक लाडू खाल्ला, चेहरा वाकडा केला आणि दुसरा घेतला.

दुपारी माय आणि बाळ दोघीही झोपल्या. विहीणबाई पाळण्याजवळ बसल्या बसल्या पेंगल्या. झोळी सोफ्यावर पडली होती. तिचा एक कोपरा अजून रिकामा होता, सुई तिथेच टोचून ठेवलेली. शशीताईंनी इकडे तिकडे पाहिलं. बघून बघून आपल्याला एवढं तर येतंच, असं त्यांना वाटलं. त्यांनी सुई उचलली आणि कोपऱ्यात सात फुल्या घातल्या. बऱ्या जमल्या होत्या. आठवी घालताना त्यांना जाणवलं की विहीणबाईंचे डोळे उघडे आहेत, आणि बहुधा बऱ्याच वेळापासून.

विहीणबाई उठल्या, शेजारी येऊन बसल्या. त्यांनी फुल्यांकडे पाहिलंच नाही. झोळी उलटी करून मागची बाजू पाहिली, जिथे शशीताईंचे धागे कसेही, आडवेतिडवे पळाले होते. मग खिशातून लहानशी कात्री काढून सातही फुल्या एकेक करून उसवल्या. त्यांचा हात किंचित थरथरत होता, तरी कापडाला ओरखडा गेला नाही. दोरा ओवून त्यांनी एक फुली घातली, हळू, दाखवत. उलटून मागची बाजू दाखवली. तिथे एक बारीक उभी रेघ, बाकी काही नाही. सुई शशीताईंच्या हातात दिली.

शशीताईंनी जीभ दातांत धरून एक फुली घातली. उलटून पाहिली. उभी रेघ आली होती, जवळपास.

विहीणबाई दोन शब्द बोलल्या. दुसरा शब्द शशीताईंना चक्क ओळखीचा वाटला: दुआ.

त्यांचं मन भरून आलं. इतक्या महिन्यांची बोलणी वाया गेली नाहीत. दाराशी माय जांभई देत उभी होती.

“ऐकलंस?” शशीताई तिला म्हणाल्या. “मला दुआ दिली त्यांनी.”

मायने आईकडे पाहिलं, मग झोळीकडे.

“आमच्यात त्याचा अर्थ वेगळा आहे,” ती म्हणाली. “‘पुन्हा कर’ असं म्हणाली ती.”

शशीताईंनी कात्री मागितली.